म्हाताऱ्याचा वाटा

जर्मनीतल्या आमच्या इंगोलश्टाटबद्दल अप्पांनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता: "हे गाव कुणाच्या वाट्याला आलं होतं?"

मी नुकतीच कामावरून आले होते. बूट निघत नव्हते, डोकं चढलं होतं. म्हटलं, "वाट्याला कसलं, अप्पा? महापालिका आहे इथं."

"आत्ताचं नाही गं विचारत. संग्रहालयात रंगीत नकाशा आहे, आम्ही बघून आलो. नात म्हणते, तीन भावांनी मिळून सगळं वाटून घेतलं होतं."

नात म्हणजे माझी लेक, दहा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून जर्मनच निघतं. अप्पांना, माझ्या वडिलांना, जर्मन शून्य. ही जोडी आठवड्यातून दोनदा संग्रहालयात जायची आणि तास न् तास नकाशासमोर उभी राहायची. लेक हातवारे करून आणि सापडतील तेवढे मराठी शब्द जोडून पाट्या समजावायची, अप्पा मान डोलवायचे. त्या दिवशी तिनं त्यांना बरंच बरोबर सांगितलं होतं. सहाशे वर्षांपूर्वी इथं एक डची, म्हणजे ड्यूकचं छोटं राज्य, होती आणि ती भाऊबंदकीतून जन्मली होती. बाप मेल्यावर तीन भाऊ बरीच वर्षं एकत्र नांदले, मग वेगळे निघाले. लँड्सहूट एकाला, म्युनिक एकाला आणि इंगोलश्टाट थोरल्याला.

"थोरला फसला," अप्पा म्हणाले. "त्याचा हिस्सा सलग नाही. एक तुकडा इथं, एक तिकडं डोंगरात, मधे दुसऱ्याची हद्द. असं वाटप मी केलं असतं तर साहेबानं माझी बदली केली असती."

वाटप हा अप्पांचा जन्माचा धंदा होता. साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावात ते भूमी अभिलेख कचेरीत मोजणीदार होते. भाऊ वेगळे निघाले की पोटहिस्से मोजायला अप्पा जायचे. तालुक्यातल्या किती घरांच्या चुली त्यांच्या डोळ्यांदेखत वेगळ्या झाल्या असतील, देव जाणे. लाच खात नसत, म्हणून लोक त्यांना मानत, आणि लाच खात नसत, म्हणूनच लोक त्यांना टाळतही.

त्यांची एक पद्धत होती. नियमाच्या पुस्तकात ती कुठंही नव्हती. सगळे हिस्से पडले, एक सोडून हद्दीचे बाकी दगड रोवून झाले, की शेवटच्या दगडाजवळ अप्पा थांबत आणि जमलेल्या सगळ्यांना मोठ्यानं विचारत, "म्हाताऱ्याचं काय?" घरातल्या कुणी उत्तर दिल्याशिवाय तो दगड रोवायचा नाही. भाऊ एकमेकांकडे बघत, कुणी खाकरत, कुणी तंबाखू मळायला घेई. शेवटी बहुतेक वेळा एखादी माहेरवाशीण बोलायची: विहिरीजवळचा तुकडा आबांच्या नावानं राहू द्या, ते आहेत तोवर. मग दगड खाली जायचा. म्हातारा बापडा बांधावर बसून हे सगळं ऐकत असायचा, पण तोंडातून शब्द काढायचा नाही. मी एकदा घरी आल्यावर विचारलं होतं, की तो स्वतःच का मागत नाही? अप्पा म्हणाले, "बापाला मागायची लाज वाटते. म्हणून दुसऱ्यानं विचारायचं असतं."

हे सगळं माहीत असलेल्या माणसानं स्वतःची वाटणी कशी केली, ते आता सांगते.

आई गेली त्याला वर्ष व्हायच्या आत अप्पांनी सगळं वाटून टाकलं. आजोबांच्या जागेवर बांधलेलं घर दादाला, लेआउटमधला प्लॉट धाकट्याला. दादा पुण्यात, धाकटा ड्युसेलडॉर्फला एका सॉफ्टवेअर कंपनीत. मला अप्पांचा फोन आला. "बाई, तुझं हक्कसोडपत्र लागेल. तुला काय कमी आहे तिकडं? सही करून टाक. भावांशी वाईटपणा नको."

मला घर नकोच होतं. पण मला कुणी विचारलंसुद्धा नाही, याचा असा काही राग आला, की आठ दिवस मी अप्पांचा फोन उचलला नाही. मग एका शुक्रवारी सुट्टी टाकून म्युनिकला वकिलातीत गेले, कागदावर शिक्का घ्यायला. गाडीत बसून वाटणीपत्राची प्रत वाचली. एकदा, मग परत एकदा. मी दिवसभर मोटारींच्या दारांच्या फटी मोजते, तेच माझं काम आहे. दार आणि पत्रा यांच्यातलं अंतर अर्धा मिलिमीटर जरी चुकलं तरी माझ्या डोळ्याला टोचतं. त्या कागदातली फट मला पहिल्याच वाचनात दिसली होती. दादाचं नाव होतं, धाकट्याचं होतं, हक्क सोडणारी म्हणून माझं होतं. अप्पांच्या नावानं एक खोलीसुद्धा राखलेली नव्हती.

मला दिसलं आणि मी गप्प बसले. कारण चांगलं नाही, पण खरं आहे ते लिहिते. मनात म्हटलं, बघू दे एकदा, मुलगे कसे सांभाळतात ते. एक फोन केला असता, सही आठ दिवस लांबवली असती, तरी कागद बदलला असता, माझ्या सहीशिवाय त्याला अर्थच नव्हता. मी सही केली आणि स्टेशनवर प्रेत्सेल, इथला पिळाचा खारा पाव, खाऊन घरी आले.

पुढचं व्हायला वेळ लागला नाही. दादानं घर विकून पुण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. एका खोलीत तो आणि वहिनी, दुसरीत मुलं, अप्पा हॉलमधल्या दिवाणावर. मुलांची दहावी-बारावी आली, तसा हॉलमधला टीव्ही बंद झाला आणि नऊनंतर दिवाही. मग दादा म्हणाला, अप्पा थोडे दिवस जर्मनीला जाऊन येऊ देत, हवापालट होईल. व्हिसा नव्वद दिवसांचा मिळाला. पंचेचाळीस धाकट्याकडे, पंचेचाळीस माझ्याकडे, असं दोन्ही भावांनी परस्पर ठरवलं. इथंही वाटणी झाली आणि ती बरोबर मधोमध.

पण धाकट्याकडे नुकतं बाळ झालेलं, त्याच्या बायकोचे आईवडील आलेले, दोन खोल्यांत माणसाला वळायला जागा नाही. विसाव्या दिवशी त्याचा फोन आला. "ताई, आल्झो, म्हणजे... जरा लवकर नेतेस का गं? तुझ्याकडे किंडरत्सिमर, लेकीची खोली, मोठी आहे ना."

त्यानं अप्पांना ड्युसेलडॉर्फला थेट गाडीत बसवून दिलं. मी इंगोलश्टाटच्या फलाटावर उभी होते. अप्पा उतरले ते एका हातात सुटकेस आणि दुसऱ्या हातात एक कागद धरून. कागदावर माझं नाव, पत्ता आणि फोन, खाली जर्मनमधून लिहिलेलं, की यांना भाषा येत नाही, कृपया इंगोलश्टाटला उतरवा. पाच तास तो कागद त्यांनी हातातून खाली ठेवला नव्हता. घामानं अक्षरं फुटली होती.

"बरा झाला प्रवास," ते म्हणाले. "समोरच्या बाईनं सफरचंद दिलं."

माझ्याकडे सत्तर दिवस. अप्पा लेकीच्या खोलीत, लेक आमच्या खोलीत. नवरा नोकरीसाठी ऱ्युसेल्सहाइमला, शनिवार-रविवार यायचा. मी कामावर गेल्यावर अप्पा गावची तटबंदी पावलांनी मोजत फिरायचे. मोठ्या चर्चचे दोन मनोरे भिंतीला कोन करून तिरपे बसवलेले आहेत, हे मला बारा वर्षांत दिसलं नव्हतं. त्यांना पहिल्या दिवशी दिसलं. "मोजणीची साखळी चुकली असणार," ते म्हणाले. मग लेकीनं पाटी वाचून सांगितलं, की ते मुद्दामच तसे बांधले आहेत. तेव्हा म्हणाले, "चूक झाली की सगळे असंच म्हणतात."

संध्याकाळी मी इस्त्री करायची आणि वाचनालयातून आणलेलं डचीच्या इतिहासाचं पुस्तक त्यांना मराठीतून सांगायची. ते चौकटीच्या वहीत वंशावळ काढायचे, वाटपाच्या प्रकरणात काढतात तशी: मयताभोवती गोल, वारस खाली रेघेनं. नावांशी त्यांना देणंघेणं नव्हतं. थोरला, मधला, धाकटा एवढंच लिहायचे. थोरल्याच्या मुलाला मोठी दाढी होती म्हणून तो दाढीवाला.

"बहिणींना काय दिलं?" एकदा त्यांनी विचारलं.

"लग्नं लावून दिली. दाढीवाल्याची बहीण तर फ्रान्सची राणी झाली."

"म्हणजे तिला काही कमी नव्हतं," अप्पा म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहीत राहिले. मी इस्त्री आपटली. त्यांनी वर बघितलं नाही.

दाढीवाला त्यांचा लाडका झाला. भांडखोर, हट्टी, चुलतभावांशी जन्मभर कोर्टकज्जे, पण बांधकामाचा हौशी. आपण मेल्यावर याच गावातल्या चर्चमध्ये आपल्यावर मोठा कोरीव दगड बसवावा, अशी त्यानं जिवंतपणीच तजवीज केली होती. अप्पांना हे फार आवडलं. "हुशार," ते म्हणाले. "आपला दगड आपण आधी बघून ठेवला."

पुढचं पान मी आदल्या दिवशीच वाचून ठेवलं होतं. दाढीवाल्याला एकच औरस मुलगा, पाठीला कुबड असलेला. बापाची माया दुसरीकडच्या मुलावर, असं त्याला वाटायचं. तो बापावर उलटला, शेजारच्या गावात बापाला वेढा घालून पकडलं आणि कैदेत ठेवलं. पण म्हाताऱ्याच्या आधी मुलगाच मेला. मग वाटलं असेल, सुटला. तर कसला सुटतोय. एकानं दुसऱ्याच्या हवाली केलं, दुसऱ्यानं, ज्याच्याशी जन्मभर वैर, त्या लँड्सहूटच्या चुलतभावाच्या. त्याच्या किल्ल्यात म्हातारा कैदेतच मेला. डची लँड्सहूटच्या घशात गेली. दगडाचा लहान नमुना तेवढा तयार झाला होता, मोठा दगड कधी बसलाच नाही. त्याला पुरलं ते दुसऱ्याच गावच्या मठात.

हे मी अप्पांना सांगणार नव्हते. त्याच दुपारी दादाचा फोन आला होता. त्यानं पुण्याजवळ एक ठिकाण बघून ठेवलं होतं. "चांगलंय गं, बाग आहे, डॉक्टर येतो, त्यांच्या वयाची माणसं आहेत. इथं हॉलमध्ये त्यांचेच हाल होतात. परत आले की थेट तिकडंच नेतो. तू जरा त्यांच्या कानावर घाल, तुझं ऐकतात." मी विचारलं, "घर विकलं नसतंस तर?" तो म्हणाला, "तू सही केलीस की. तेव्हा नाही बोललीस." मी फोन ठेवला.

म्हणून संध्याकाळी मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "मग डची संपली. वारस उरला नाही, चुलत्यांकडे गेली."

"आणि दाढीवाला? तो कुठं गेला शेवटी?"

"आपल्या किल्ल्यात," मी म्हटलं. "म्हातारा होऊन."

जमिनीवर बसून चित्र रंगवत असलेल्या लेकीनं मान वर केली. शाळेत त्यांनी गावाचा इतिहास नुकताच केला होता. "नाइन, ममा! नाही!" ती म्हणाली आणि मग घडाघडा जर्मनमध्ये सगळं: मुलानं बापाला पकडलं, दुसऱ्याला दिलं, त्यानं तिसऱ्याला, मग तो तुरुंगात मेला. बोलता बोलता तिनं आपल्या पेन्सिली उचलून एका डब्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकून दाखवल्या. अप्पांना भाषा कळायची गरज राहिली नाही.

त्यांनी पेन्सिल वहीवर आडवी ठेवली. मग मला म्हणाले, "दादाचा फोन आला होता ना दुपारी?"

"तुम्हाला कसं..."

"तू माझ्याशी खोटं बोललीस. एवढ्या जुन्या माणसासाठी कोण कशाला खोटं बोलेल?"

मी सांगितलं सगळं. बाग, डॉक्टर, त्यांच्या वयाची माणसं. रडले, ओरडले, दादाला शिव्या दिल्या. म्हटलं, मी तुम्हाला इथं ठेवून घेते. पण इथल्या व्हिसाच्या कचेरीत मी आधीच जाऊन विचारून आले होते, कागद दाखवले होते. नव्वद दिवस म्हणजे नव्वद, मग तेवढेच बाहेर राहायचं, मग परत अर्ज. अप्पा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे पाळीनं. बरंय." आणि वहीत दाढीवाल्याच्या नावाभोवती गोल काढला. आतापर्यंत तो काढायचा राहिला होता.

सत्तरावा दिवस आला. म्युनिकच्या विमानतळावर आम्ही तिघं. लेकीनं आजोबांना संग्रहालयाच्या नकाशाचं पोस्टकार्ड दिलं. विमान बदलताना चुकू नयेत म्हणून मी त्यांच्यासाठी एक कागद लिहून आणला होता, इंग्रजीतून, नाव, पत्ता, फोन. पत्त्याच्या जागी काय लिहायचं, इथं मी घरी तासभर अडले होते. शेवटी दादाचा फ्लॅट लिहिला. अप्पांनी कागद वाचला, घडी केली आणि खिशात ठेवला.

मला राहवलं नाही. लेकीला पाणी आणायला पाठवलं आणि म्हटलं, "अप्पा, वाटणीपत्रात तुमच्यासाठी काही ठेवलेलं नव्हतं. मला दिसलं होतं. सहीच्या आधीच दिसलं होतं."

"हो," ते म्हणाले.

"तुम्हाला कसं नाही दिसलं? जन्मभर दुसऱ्यांना विचारत आलात."

"मला न दिसायला काय झालं? मीच लिहिलंय ते." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मुलग्यांनी विचारलं नाही. ते नाहीच विचारत, मला सवय आहे त्याची. म्हटलं, कागद बाईकडे जाईल. ती बारकाईनं वाचते. ती विचारेल."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, जसा ते मोजणीनंतर एखाद्या कासावीस झालेल्या गावकऱ्याच्या खांद्यावर ठेवत. "मी आठ दिवस रोज फोन लावला तुला," ते म्हणाले. "मग तू कामात असशील म्हणून सोडून दिलं." तेवढ्यात लेक पाणी घेऊन आली. अप्पांनी ते सगळं पिऊन टाकलं, कारण बाटली आत नेऊ देत नाहीत हे तिनं त्यांना सांगून ठेवलं होतं, आणि रांगेत जाऊन उभे राहिले.

पुढच्या नव्वद दिवसांसाठी मी अर्ज भरला. मुलाखतीची तारीखही मिळाली होती. त्याच्या पंधरा दिवस आधी अप्पा गेले, त्या बाग असलेल्या जागी, दुपारी जेवण झाल्यावर, खुर्चीत. विमानाची दोन तिकिटं काढून मी आणि लेक पोहोचलो तोवर सगळं उरकलं होतं.

परत आल्यावर एका रविवारी दादाचा व्हिडिओ कॉल आला. एका चौकटीत तो, एकीत धाकटा, एकीत मी. दादानं अप्पांची सुटकेस त्या संस्थेतून आणली होती आणि तिच्यातल्या वस्तू टेबलावर मांडल्या होत्या. घड्याळ धाकट्याला, कारण ते त्याला हवं होतं. पितळेचा ओळंबा दादा ठेवणार होता. चौकटीची वही मला, कारण तिच्यातलं कुणाला काही कळत नव्हतं. शाल वहिनीनं घेतली. दादानं नेहमीप्रमाणे नीट काम केलं, कुणाला तक्रारीला जागा ठेवली नाही. टेबल रिकामं झालं.

"झालं ना सगळं?" दादानं विचारलं. "कुणाचं काही राहिलं?"

माझ्या तोंडून निघून गेलं. मी ठरवून बोलले नव्हते, आवाजही माझा वाटला नाही.

"म्हाताऱ्याचं काय?"

धाकट्यानं खाली बघितलं. दादाला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तो स्क्रीनच्या अगदी जवळ आला.

"अगं," तो म्हणाला, "आता कशाला विचारतेस?"